वरच्या खोलीपर्यंतचा सिग्नल

सोमवार, दिनांक १८ फेब्रुवारी २००८. सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. ठिकाण शाहूपुरीतल्या एका गूळ अडत्याच्या घराचा वरचा मजला. काम, घरगुती वायरलेस राउटरमध्ये दुसरं फर्मवेअर घालणे. ठरलेली मजुरी रुपये चारशे. हजर माणसं चार: घरच्या मालकीणबाई गिरिजाक्का, पेढीचे दिवाणजी बाबूराव, खाटेवर पडलेले अण्णा म्हणजे अक्कांचे यजमान, आणि मी.

माझ्या कामाच्या डायरीतली ही नोंद आहे. कुणाकडे गेलो, काय केलं, किती वेळ लागला, हे मी पहिल्यापासून लिहून ठेवत आलो. बायको म्हणते, एवढं तर पोस्टातसुद्धा लिहीत नाहीत. पण या लेखासाठी डायऱ्या काढल्या आणि पुन्हा पुन्हा याच पानाशी थांबलो, म्हणून तेच सांगतो.

राउटर म्हणजे काय हे आता सांगावं लागत नाही. प्रत्येक घरात टीव्हीच्या मागे एक डबी लुकलुकत असते. तेव्हा सांगावं लागे. टेलिफोनच्या तारेतून आलेलं इंटरनेट वायरीशिवाय खोल्याखोल्यांत पोचवणारी ती डबी. तिच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटरच असतो, आणि त्यानं काय करायचं हे सांगणारा मजकूर कंपनीनं कारखान्यातच लिहिलेला असतो. त्या मजकुराला फर्मवेअर म्हणतात. कंपनी त्यात मोजकीच कामं लिहिते. डबीला आणखी पुष्कळ कामं जमत असतात, पण तशी परवानगी नसते. जगभरातल्या काही हौशी लोकांनी मिळून आपलं वेगळं फर्मवेअर लिहिलं आणि फुकट वाटलं. ते घातलं की दोन-अडीच हजारांची डबी तिच्या चौपट किमतीच्या डबीची कामं करायला लागे. एका राउटरचा सिग्नल झेलून पुढच्या खोलीत टाकणं हे त्यातलं एक काम. वारणानगरच्या कॉलनीत दोन प्राध्यापक मित्रांनी समोरासमोरच्या क्वार्टर्समध्ये अशा दोन डब्या लावून घेतल्या होत्या, एकच कनेक्शन दोघांत. पुढे त्यांचं भांडण झालं तेव्हा पासवर्ड बदलायलाही दोघांनी वेगवेगळा मलाच फोन केला. कागलच्या एका निवृत्त मास्तरांना सिग्नल विहिरीपर्यंत हवा होता. विहिरीवर इंटरनेट कशाला, विचारलं, तर म्हणाले, "घरात वाचू देत्यात व्हय?"

हे फर्मवेअर घालायला पाच मिनिटं लागतात. जुना मजकूर पुसला जातो आणि नवा लिहिला जातो. या पाच मिनिटांत वीज गेली तर अर्धं पुसलेलं आणि अर्धं लिहिलेलं राहतं, आणि डबीला आपण कोण हेच कळेनासं होतं. आम्ही म्हणायचो, वीट झाली. भिंतीत बसवायचीच काय ती.

आणि ते दिवस भारनियमनाचे. कुठल्या भागाची लाइट किती ते किती जाणार याचं वेळापत्रक माझ्या टेबलाच्या काचेखाली असे. माझे नियम तीन. फर्मवेअर नेहमी वायर जोडून घालायचं, हवेतून कधी नाही. गिऱ्हाइकाला त्याच्या भागाची वेळ विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि वेळ सुरक्षित असली तरी राउटर माझ्या स्वतःच्या यूपीएसवरच लावायचा. २००५ ते २०१० या काळात मी एकशे सदतीस राउटर बदलले. नऊ विटा झाल्या, सात पुन्हा जिवंत केल्या, दोन गेल्या. हा हिशेब मला वाईट वाटत नाही. पण नवांतली एक वीट शाहूपुरीतली आहे, आणि ती माझ्या हातानं, माझा नियम मोडून झालेली आहे.

ते सांगायच्या आधी सुधाकरचं सांगितलं पाहिजे.

सुधाकर माझ्याच गल्लीतला, बुद्धविहाराच्या मागच्या घरात वाढलेला, आमच्याच समाजातला. १९९८ साली आम्ही दोघांनी राजारामपुरीत दहा बाय बाराचं दुकान घेतलं. त्यानं हात चालवायचे आणि मी वही चालवायची. त्याचं डोकं असं की बंद पडलेल्या यंत्राशी तो आधी पाच मिनिटं नुसता बोलायचा. "काय झालं बाबा तुला," असं म्हणत स्क्रू काढायचा. मी विचारायचो, उत्तर देतं का? म्हणायचा, देतं की, तुला ऐकू येत न्हाय. यंत्र उघडायला भिऊ नये हे मी त्याच्याकडून शिकलो. मी त्याला काय शिकवलं? पावती फाडायला. तेही नीट जमलं नाही.

अण्णांच्या पेढीवर पहिला कॉम्प्युटर आम्हीच बसवला. पेढीवरचे सगळे त्यांना अण्णा म्हणत. चाळीस वर्षं गुळाच्या सौद्यांत घालवलेला माणूस, घरी कन्नड, दारी मराठी, आवाज असा की फोनची गरज नव्हती. कॉम्प्युटरवर बिलं करायला त्यांनी एकुलती एक मुलगी बसवली, शैला. नुकतीच बी.कॉम. झालेली. बिल टाइप करता करता ती गमती सांगायची. जुन्या पिढीतले व्यापारी भाव तोंडानं बोलत नसत. टॉवेलाखाली हात घालून एकमेकांची बोटं धरत आणि भाव ठरत. ती चार-पाच वर्षांची असताना अण्णा तिला मांडीवर घेऊन तसाच खेळ खेळायचे. टॉवेलाखाली तिची बोटं धरून विचारायचे, आज पोरीचा भाव किती? ती कितीही सांगो, अण्णा म्हणायचे, घेतला.

सुधाकर पेढीवर दुरुस्तीला जाई. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून एकदा. कॉम्प्युटर इतका बिघडत नाही हे मला कळत होतं. मी वही चालवणारा माणूस, फेऱ्या मीच लिहीत होतो. बोललो नाही. २००२ मध्ये दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि आधी पुण्याला, मग सिडनीला गेले. लग्नाच्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

चौथ्या दिवशी अण्णा दुकानाच्या पायरीपर्यंत आले. आत आले नाहीत. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस हळू बोलला. "कांबळे, उद्यापासनं पेढीवर येऊ नगासा. कॉम्प्युटर बंद पडला तर पडू दे." एवढं बोलून गेले. त्यांच्या पाठोपाठ आणखी अकरा गूळ व्यापाऱ्यांनी देखभालीचं काम बंद केलं. सुधाकरची दोन पत्रं आली, एक मेल आला. मी उत्तर दिलं नाही. दुकान एकट्यानं ओढताना मला त्याचा राग येई, आणि राग गेल्यावर उशीर झाल्याची लाज वाटे. अशी सहा वर्षं गेली.

त्या फेब्रुवारीत, शनिवारी संध्याकाळी, गिरिजाक्का दुकानात आल्या. मी उठून उभा राहिलो. त्या स्टुलावर टेकल्या आणि सरळ कामाचं बोलल्या. आठ महिन्यांपूर्वी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. कधीतरी एखादा शब्द येतो, तोही कन्नडमधला. शैला बाबूरावांच्या मोबाइलवर आईशी बोलते हे अण्णांना माहीत होतं, पण फोन जवळ नेला की ते डोळे मिटून घेत. या शुक्रवारी अक्कांनी पुन्हा विचारलं, पोरीला नुसतं बघता का, कॉम्प्युटरवर दिसते म्हणे. शुक्रवारी त्यांनी डोळे मिटले. शनिवारी सकाळी मान हलवली.

"सोमवारी साडेअकराला शैला तिकडं कॉम्प्युटरसमोर बसणार हाय," अक्का म्हणाल्या. "आमच्याकडं इंटरनेट हाय, पण खाली पेढीवर. ह्यांची खाट वर, मागच्या खोलीत. तिथं काय येत न्हाय. जावयानं मागंच मशीन पाठवलंय एका माणसाबरोबर. म्हणाला, कांबळेकडनंच बसवून घ्या, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

जावई हा शब्द मी त्या घरातल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

अण्णांना खाली का आणत नाही, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. आठ महिन्यांत ते खाली उतरले नव्हते. ज्या गादीवर बसून सौदे केले तिथं आपल्याला पोत्यासारखं उचलून आणलेलं हमालांनी, शेतकऱ्यांनी बघावं, हे त्यांना चालणार नव्हतं. उचलायची गोष्ट काढली की डोळे मिटायचे. त्या घरात डोळे मिटणं हा शेवटचा शब्द झाला होता.

इथं एक कबुली. मागच्या बाजूनं, पावसाच्या पाइपला धरून पस्तीस मीटर वायर वर नेली असती तर काम झालं असतं. दोन तासांचं काम, बिघडण्यासारखं काही नाही. मला ते त्याच क्षणी सुचलं होतं. पण मशीन सुधाकरनं पाठवलं होतं. माझ्याकडूनच बसवा म्हणाला होता. मी वायरीचं नाव काढलं नाही. होतंय की, म्हणालो आणि मजुरी चारशे सांगितली.

मशीन दुकानात आणून द्या, आधी तयार करून ठेवतो, असंही म्हणालो. त्याला अक्का तयार झाल्या नाहीत. लेकीच्या घरून आलेली पहिली वस्तू आहे, खोका माझ्यासमोर उघडायचा, म्हणाल्या.

सोमवारी माझ्या दुकानाला सुट्टी. लॅपटॉप आणि कॅमेरा घेऊन थेट घरून गेलो. यूपीएस दुकानात होता. वाटेत वळून घेता आला असता. स्कूटरवर चार किलोचं धूड, आणि मनात दुसरंच चाललेलं. सहा वर्षांनी त्या दारात जायचं होतं.

बाबूरावांनी दारात नमस्कार केला, जास्त बोलले नाहीत. मी पहिल्यांदा विचारलं, लाइट कधी जाते? ते म्हणाले, आज एक ते चार, पक्कं. वर गेल्यावर अक्कांना म्हणालो, यूपीएस आणला नाही, पण वेळ सुरक्षित आहे. त्या म्हणाल्या, "आमचा इन्व्हर्टर हाय की. पंखासुद्धा थांबत न्हाय."

अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. खांद्यावर टॉवेल तसाच, पूर्वीसारखा. मी आलो हे त्यांना कळलं की नाही, मला कळलं नाही.

खोका उघडला. निळी-काळी डबी, दोन अँटेना. सोबत एक सीडी, तिच्यावर सुधाकरचं तिरकं अक्षर. हव्या त्या फर्मवेअरची फाइल त्यानं काढून ठेवली होती. मी राउटर खोलीतल्या प्लगला लावला, लॅपटॉप वायरीनं जोडला आणि दहा त्रेचाळीसला फाइल चढवायला सुरुवात केली. आता पाच मिनिटं कशालाही हात लावायचा नाही. मी हात मांडीवर ठेवून बसलो.

दहा पंचेचाळीसला खोलीतला दिवा क्षणभर मंद झाला, कोपऱ्यातून टक असा आवाज आला आणि दिवा पुन्हा लागला. पंखा खरोखरच थांबला नाही. पण राउटरचे सगळे दिवे गेले आणि परत आले, आणि परत आले ते एकच, लुकलुकणारा. घरगुती इन्व्हर्टर वीज गेल्यावर बदल करायला डोळ्याची पापणी लवेल इतका वेळ घेतो. पंख्याला तो जाणवत नाही. मजकूर लिहीत असलेल्या राउटरला तेवढा पुरतो.

मी बाबूरावांकडे बघितलं. बाबूराव खिडकीतून पुढच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, पेढीवर तर लाइट आहे.

"पेढीचा मीटर पुढच्या रस्त्याच्या लाइनीवर हाय," अक्का म्हणाल्या. "घराचा मागच्या बोळातल्या. आमची पावणेअकराला जाते."

आणि पुढे म्हणाल्या, "बाबूरावास्नी इचारलासा. मला कुठं इचारलासा?"

एका घराला दोन मीटर, दोन लाइनी, दोन वेळापत्रकं. शाहूपुरीत अशी घरं कितीतरी आहेत आणि मला ते माहीत होतं. मी पेढीच्या माणसाला विचारलं, कारण पेढीच्या माणसालाच विचारायची मला सवय होती. घरातल्या बाईला लाइटीची वेळ विचारावी हे सुचलं नाही. नियम पाळला असं वाटत होतं. प्रत्यक्षात अर्धाच पाळला होता.

असा राउटर जिवंत करायची एक वाट असते. फर्मवेअर मेलं तरी त्याच्या मुळाशी एक लहानसा भाग शाबूत राहतो. तो पुसला जात नाही. डबी सुरू केल्यावर पहिले तीन सेकंद तो बाहेर कान देतो, आणि तेवढ्यात कुणी फाइल पाठवली तर घेतो. मग गप्प. कॉम्प्युटरवरून राउटरला हाक मारली की उत्तरात एक आकडा येतो. धडधाकट राउटर चौसष्ट सांगतो. नुसता तो मूळ भाग जागा असेल तर शंभर. मी प्लग काढायचो, लावायचो, फाइल सोडायचो. शंभर एकदाच दिसायचं आणि जायचं. प्रत्येक वेळी फाइल उशिरा पोचायची. अकरा वीसपर्यंत तेवीस वेळा केलं. तेविसाव्या वेळेपर्यंत अण्णांनी तोंड इकडे वळवलं होतं.

मी उठलो. "अक्का, वर जमणार नाही आज. चूक माझी आहे. दोन दिवसांत दुरुस्त करून बसवतो."

अक्का खाटेच्या कडेवर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "सहा वर्सं आणि दोन दिस लागले ह्यास्नी व्हय म्हणायला," त्या म्हणाल्या. "परवा पुन्हा व्हय म्हणतील, असं तुम्ही लिहून देता?"

मी लिहून देणारा माणूस. पण हे कसं लिहून देणार? मग मी अण्णांकडे वळलो. सहा वर्षांत त्यांच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य हे होतं: "अण्णा, इंटरनेट खाली पेढीवर आहे. मला वर आणता आलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला ओळखलं होतं, आल्यापासूनच ओळखलं असणार. मग डावा हात उचलला आणि जिन्याकडे बोट केलं.

मला वाटलं, जा म्हणतायत. मी लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळली, पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडे निघालो. पायरीवरची ती सकाळच पुन्हा आली होती. खोटं कशाला सांगू, मी रागावलोही नव्हतो. माझं येणं एवढ्यापुरतंच होतं, असं वाटलं.

"तुम्हास्नी न्हवं," अक्का मागून म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "स्वतः जातो म्हणत्यात. खाली."

बाबूरावांनी खिडकीतून हाक मारली. सदा आणि दस्तगीर हे पेढीवरचे दोन हमाल वर आले. हंगामाचे दिवस, दोघांच्या अंगाला गुळाचा चिकटपणा. त्यांनी आधी हात धुतले. अण्णांना वेताच्या खुर्चीत बसवलं. दस्तगीर पुढे, सदा मागे. जिना अठरा पायऱ्यांचा, मधे वळण. वळणावर खुर्ची भिंतीला घासली तेव्हा सदा म्हणाला, "अण्णा, ढेप संभाळून न्यायला तुम्हीच शिकवलंय, भ्यायचं न्हाय." अण्णांच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. हसले, असं मी धरून चालतो.

पेढीवर गूळ घेऊन आलेले चार-पाच शेतकरी होते. ते उठून उभे राहिले आणि कुणी काही न सांगता बाहेर कट्ट्यावर गेले. मी तिथल्या वायरलेस मोडेमला दोन मीटरची वायर लावली, लॅपटॉप गादीसमोरच्या उतरत्या मेजावर ठेवला. त्याच मेजाशी शैला बिलं टाइप करत बसायची. अकरा अठ्ठावीस झाले होते.

साडेअकराला हाक आली. आधी आवाज नाही, नुसतं चित्र. मग आवाज आला.

"अप्पा," शैलानं वडिलांना हाक मारली. आणि मग तिला मागची तिजोरी दिसली असावी, दिनदर्शिका दिसली असावी. "अप्पा, पेढीवर हाय तुम्ही? खाली कसं आलात?"

अण्णांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. अक्का त्यांच्यामागे उभ्या होत्या. अण्णांनी डाव्या हातानं खांद्यावरचा टॉवेल ओढला. सावकाश, दोनदा निसटला. तो मांडीवर पसरला, त्याच्याखाली डावा हात घातला आणि झाकलेला हात स्क्रीनकडे धरला.

शैलानं ओढणीचं टोक घेतलं, आपल्या हातावर टाकलं आणि हात कॅमेऱ्यापुढे आणला. त्या वेळचं इंटरनेट ते, चित्र तिथंच अडकलं. तीन-चार सेकंद सगळ्या स्क्रीनभर नुसता पिवळा कपडा. मी काही केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतंही.

चित्र पुढे सरकलं तेव्हा ती डोळे पुसत काहीतरी कन्नडमध्ये बोलत होती. मला कन्नड येत नाही. अक्का मधूनमधून उत्तर देत होत्या. मग अण्णांनी मान किंचित तिरकी करून स्क्रीनच्या कडेकडे बघितलं. चित्राच्या बाहेर कुणीतरी उभं असल्यासारखं. आणि बोलले. एकच अक्षर: "बा."

"ये म्हणत्यात," अक्का हळूच मला म्हणाल्या. "जावयाला."

सुधाकर चित्रात आला. डोक्यावरचे केस कमी झाले होते. त्यानं हात जोडले आणि तसेच धरून ठेवले. अण्णांनी काही केलं नाही. हात उचलला नाही, हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले नाहीत, एवढंच. सबंध वेळ उघडे ठेवले.

चौदा मिनिटांनी ते दमले. त्यांना बाजूला घेतल्यावर सुधाकरनं विचारलं, "कांबळ्या कुठं हाय? येऊ दे समोर."

मी समोर गेलो. उत्तर न दिलेल्या दोन पत्रांचं काय सांगायचं, ते मनात जुळवत होतो. तो म्हणाला, "वर का न्हाय लागलं?" मी दोन मीटरांचं सांगितलं, तेवीस वेळांचं सांगितलं. तो हसला.

"दिवा लुकलुकतोय न्हवं? मग मेला न्हाय तो. दर वेळी उठल्यावर तीन सेकंद ऐकत बसतोय बिचारा. तू प्लग काढलास की तुझ्या लॅपटॉपची वायरबी मरतीया, आणि ती जागी हुईपर्यंत तीन सेकंद संपत्यात. दोघांच्या मधे एक स्विच लाव. म्हंजे तुझी बाजू कायम जागी."

एवढी साधी गोष्ट. स्विच म्हणजे चार वायरी जोडायची सहाशे रुपयांची डबी, माझ्या दुकानात तीन पडलेल्या होत्या. मी म्हणालो, "सुचलं नाही रे."

"तुझी बाजू झोपलीती," तो म्हणाला. पत्रांबद्दल त्यानंही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दोघांनाही दुसऱ्या दिवशी काम होतं.

मंगळवारी दुकानात मधे स्विच लावला आणि राउटर दुसऱ्या प्रयत्नात जिवंत झाला. गुरुवारी जिन्याच्या डोक्यावर बसवला. अण्णांच्या खाटेवर पाचपैकी पाच काड्या सिग्नल. ती माझी सगळ्यात स्वच्छ जोडणी होती. तिचा वापर अण्णांनी एकदाही केला नाही. दर सोमवारी सकाळी डावा हात जिन्याकडे जायचा. सदा आणि दस्तगीर यायचे, अण्णा खाली पेढीवर यायचे आणि वायरीच्या लॅपटॉपसमोर बसायचे. बाबूराव सांगत, एकही सोमवार चुकला नाही. दिवाळीत शैला मुलाला घेऊन आली. पुढच्या गुढीपाडव्याच्या आधी अण्णा गेले. सुधाकर अजून आलेला नाही. येतो म्हणतो. मुलाची शाळा, मग घराचं कर्ज, मग त्याच्या पायाचं ऑपरेशन. सोमवारी संध्याकाळी आमचं बोलणं होतं, आणि तो दर वेळी विचारतो, दुकानात नवीन काय बिघडलं?

मी काय सांगू? आता काही बिघडत नाही. बिघडलं तर फेकतात. राउटर इंटरनेट कंपनीच फुकट देते, त्याचं पोट सीलबंद असतं, आणि त्यात काय लिहिलंय हे बघायची सोय ठेवलेली नसते. मी कॅमेरे बसवतो. पैसे पूर्वीपेक्षा बरे मिळतात. पण यंत्र उघडून पाच मिनिटं त्याच्याशी बोलावं, त्यानं आपलं ऐकावं आणि कंपनीनं नाही म्हटलेलं काम करून दाखवावं, तसलं काही हाताला लागत नाही. शाहूपुरीच्या घरात नवी जोडणी आली तेव्हा अक्कांनी तो निळा-काळा राउटर मला परत दिला. दुकानातल्या फळीवर आहे. सोमवारी दुकान बंद असलं तरी मी कधीकधी जातो, त्याचा प्लग लावतो आणि लॅपटॉपवरून हाक मारतो. तीन सेकंद शंभर येतं. मग चौसष्ट. सुधाकर इथं असता तर म्हणाला असता, कशाला उठवतोस त्याला?

राहिली त्या दिवशीची मजुरी. बोलणं संपल्यावर अक्कांनी शंभराच्या चार नोटा माझ्यापुढे धरल्या. मी नाही म्हणालो, काम झालेलं नाही, मशीन बिघडवून ठेवलंय. त्या म्हणाल्या, ठरलेलं ते ठरलेलं, ही पेढी आहे. पेढीवर त्यापुढे बोलता येत नाही. मी घेतल्या. अण्णांना वर पोचवून सदा आणि दस्तगीर कट्ट्यावर पाणी पीत बसले होते. दोघांना दोनशे दोनशे दिले. सदानं विचारलं, "साहेब, हे कशाचं?" मी सांगितलं, वरच्या खोलीचं आणि खाली आलेल्या इंटरनेटचं जोडकाम होतं, ते मला जमलं नाही, तुम्ही केलंत. त्याला ते पटलं की नाही माहीत नाही, पण नोटा त्यानं मोजून घेतल्या. डायरीत तशी नोंद आहे: मिळाले चारशे. दिले सदा यास दोनशे, दस्तगीर यास दोनशे.